ट्रान्स पुरुषाला पाळी थांबवायची असेल तर काय काय करता येतं? (टी, म्हणजे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन, सुरू न करता)

डोंगरवाट

नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, आयडी आज काढला. डुआयडी (आधीच्याच सदस्याने काढलेला दुसरा आयडी) नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी संपादकांना विचारावं.

मी ट्रान्स पुरुष, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंदवलेला मुलगा. वय २४. गाव सातारा जिल्ह्यात, नोकरी चाकणला, शिफ्टची. कागदावर काय आहे ते एचआरमधल्या एका मॅडमना ठाऊक आहे, बाकी लाइनवर आणि खोलीवर मी मुलगाच. आवाज मुळातच जरा जाड, अंगकाठी बारीक, त्यामुळे निभून जातं. निभत नाही ते महिन्यातले पाच दिवस.

पुरुषांच्या स्वच्छतागृहात कचऱ्याचा डबा नसतो, हे इथल्या काकालोकांच्या कधी लक्षातही आलं नसेल. वापरलेलं पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून डब्याच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवतो. रात्रपाळी असली की तो पुडा सुट्टी होईपर्यंत तिथेच. मध्ये जेवणाची सुट्टी, सगळे एका टेबलावर, आणि पिशवी माझ्या मांडीवर. खाली ठेवायची हिंमत होत नाही.

टी (टेस्टोस्टेरॉन) घ्यायचा आहे, पण आत्ता नाही. घरी माहीत नाही. बहिणीचं लग्न ठरतंय, त्यात मी आवाज फुटलेला आणि मिशी आलेला उभा राहिलो तर लग्न बाजूला राहील. तिचं होऊ दे, मग माझं बघू. तोवर पाळी तेवढी बंद करता येते का?

आमच्याकडे गौरी असतात. त्या दिवसांत पाळी येणार असली की आईच मेडिकलमधून गोळी आणायची, मी दहावीत असल्यापासून. म्हणजे अशी गोळी असते एवढं कळतं. ती सणापुरती न घेता वर्षभर घेतली तर काय होतं? दुसरं काही आहे का? डॉक्टरकडे जाऊन नेमकं काय सांगायचं?

'आधी मनाची तयारी कर' हा सल्ला सोडून काहीही लिहा. ती झाली आहे.

---

बारामतीचा बोका

माहिती शून्य, त्यामुळे गप्प बसतो. पण ते पिशवी मांडीवर घेऊन जेवण्याचं डोक्यातून जाईना. जाणकारांनी लवकर यावं.

---

खवचट खारूताई

गौरी, सत्यनारायण, वास्तुशांत, वारी, पुतण्याची मुंज. माझ्या लग्नाच्या पहिल्या वर्षात सासूबाईंनी मला ती गोळी इतक्या वेळा दिली की मेडिकलवाला मला बघूनच पट्टी कापायचा. डॉक्टरला विचारलं का? छे. देवासाठी थांबवायची म्हटलं की अख्खं घर औषधशास्त्रात पारंगत. एखाद्याने स्वतःच्या जिवासाठी थांबवतो म्हटलं की लगेच 'शरीराशी खेळ नको रे बाबा'. आता बघा, पुढच्या दोन प्रतिसादांत ते येतंच.

---

आबासाहेब

कोणाला दुखवायचं नाही. ज्याचं त्याचं आयुष्य. पण निसर्गाने महिन्याला जे बाहेर टाकायची सोय केली आहे ते आत कोंडून ठेवलं तर ते अशुद्ध रक्त जाणार कुठे? गाठी होतात असं ऐकून आहे. विचार व्हावा.

---

खवचट खारूताई

दोन म्हटलं होतं, एकातच आलं. :)

---

डॉ. मृद्गंध

स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, कोल्हापूर भागात. जरा मोठं लिहिते.

आबासाहेब, आधी तुमचं. रक्त कुठे साठत नाही, कारण ते तयारच होत नाही. गर्भाशयाच्या आतलं अस्तर महिनाभर जाड होतं आणि गर्भ राहिला नाही की गळून पडतं, ती पाळी. प्रोजेस्टेरॉनसारखं औषध रोज पोटात गेलं की अस्तर जाड होत नाही. गळायला काही उरत नाही. त्यात अशुद्ध वगैरेही काही नसतं, तुमच्या-माझ्या शिरेतलंच रक्त ते. पोटात बाळ असताना नऊ महिने आणि अंगावर पाजताना पुढे कित्येक महिने पाळी नसते, तेव्हा कोणी गाठींची काळजी करत नाही.

डोंगरवाट, तुमच्या आईने आणलेली गोळी म्हणजे नॉरएथिस्टेरॉन, ५ मिलिग्रॅम. सणासाठी ती दिवसातून तीनदा, तारखेच्या तीनेक दिवस आधीपासून देतात, आणि बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. कायमची थांबवायची तर बहुतेकांना रोज एक पुरते, मात्र खंड न पाडता. पहिल्या दोन-तीन महिन्यांत अधूनमधून डाग लागतात. नेमकी इथेच माणसं 'लागू पडत नाही' म्हणून गोळी सोडतात, आणि सोडली की पाळी येतेच. रात्रपाळी असो नाहीतर दिवसपाळी, वेळ एकच ठेवा. आवाज, केस, चेहरा यांत तिने डोळ्यात भरेल असा फरक पडत नाही. घरात कोणाला कळायचं कारण नाही. काहींना मुरमं येतात, पोट फुगल्यासारखं वाटतं, काहींचं मन उदास होतं. हे शेवटचं हलक्यात घेऊ नका.

डायनोजेस्ट २ मिलिग्रॅम ही याच जातीची दुसरी गोळी, एंडोमेट्रिओसिससाठी (गर्भाशयाच्या अस्तरासारखा भाग बाहेर वाढतो तो आजार) सर्रास देतो. चालते छान, खिशाला जड. तीन महिन्यांचं इंजेक्शन आहे, मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन १५० मिलिग्रॅम, सरकारी दवाखान्यात 'अंतरा' नावाने फुकट मिळतं. सुरुवातीला रक्तस्राव फार बेभरवशाचा, वर्षभर नेमाने घेतलं तर साधारण निम्म्या जणांची पाळी पूर्ण थांबते. हाडांची घनता कमी होते म्हणून वर्षानुवर्षं देताना आम्ही विचार करतो. आणि एकदा टोचलं की त्रास झाला तरी तीन महिने परत काढता येत नाही. गोळी निदान थांबवता येते. म्हणून सुरुवात गोळीनेच करावी, असं माझं मत.

नॉरएथिस्टेरॉनचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये (स्त्री-हार्मोनमध्ये) बदलतो. ५ मिलिग्रॅमला तो फार कमी असतो, पण पायात गुठळी झाली असेल, यकृताचा आजार असेल, स्तनांचा कर्करोग झालेला असेल किंवा डोळ्यांसमोर चमकून डोकं दुखत असेल, तर ते आधी सांगा. टीबीची औषधं (रिफाम्पिसिन) किंवा फिटच्या काही गोळ्या चालू असतील तर हार्मोनच्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो. आपल्याकडे हे विचारायचं राहून जातं.

जाण्याआधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) करून घ्या. पाच दिवस भरपूर जात असेल तर लोह खाली गेलेलं असणार.

---

काडीपेटी

एवढी गोळ्या-इंजेक्शनं कशाला? तसंही पुढे नकोच आहे तर गर्भपिशवीच काढून टाकायची. एक घाव दोन तुकडे.

---

मांजराकाठ

काडीपेटीराव, मी बीडचा. आमच्याकडे एक घाव दोन तुकडे करून झालेत. ऊसतोडीला कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि एक खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. पाळीत पोट दुखून खाडा पडू नये म्हणून पंचविशी-तिशीतल्या बायकांनी पिशव्या काढून घेतल्या, आणि 'कॅन्सर होईल' अशी भीती घालून काढणारेही होतेच. २०१९ मध्ये सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. माझ्या चुलतीचीही काढलेली आहे. पन्नाशीच्या आतच हाडं खिळखिळी झाली.

त्यानंतर आमच्या जिल्ह्यात खासगी दवाखान्याला पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागायला लागली. चांगलंच झालं. पण माझा एक मित्र तुमच्यासारखाच आहे, त्याला मनापासून काढून हवी होती. डॉक्टर म्हणाले, तुझं वय बघता कागद वर गेला की मलाच नोटीस येईल. ज्यांना नको होती त्यांची काढली आणि ज्याला हवी त्याला मिळेना. शेवटी तो पुण्याला गेला.

---

डॉ. मृद्गंध

मांजराकाठ, चुलतीची हाडं गेली म्हणजे बहुधा पिशवीबरोबर बीजकोशही काढले असणार. हा फरक इथल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा. नुसतं गर्भाशय काढलं की पाळी कायमची थांबते, हार्मोन चालूच राहतात. बीजकोशही काढले तर बाहेरून कुठलं तरी हार्मोन दीर्घकाळ घ्यावं लागतं, नाहीतर हाडं ठिसूळ होतात. ट्रान्स पुरुषांनी शस्त्रक्रियेआधी हे स्पष्ट विचारावं: काय काढणार, काय ठेवणार? मूल हवं असण्याची एक टक्काही शक्यता वाटत असेल तर तेही आधीच बोलावं. शस्त्रक्रिया वाईट नाही, अनेकांना ती हवीच असते. पण धागाकर्त्याने विचारलंय ते बहिणीच्या लग्नापर्यंतचं.

---

निळाशार

डोंगरवाट, जय महाराष्ट्र भावा. मीही ट्रान्स पुरुष, काही वर्षं टीवर आहे, तीन महिन्यांच्या इंजेक्शनवर (अनडेकॅनोएट, १००० मिलिग्रॅम). त्याआधी बराच काळ नॉरएथिस्टेरॉनवर काढला, तुझ्याच कारणाने. माझ्याकडे लग्न भावाचं होतं एवढाच फरक.

टीबद्दल सांगून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल. टी सुरू केल्यावर बहुतेकांची पाळी सहा महिन्यांच्या आत थांबते, काहींची पहिल्या-दुसऱ्या महिन्यातच, काहींची वर्ष खाते. तोवर गोळी जोडीला चालू ठेवता येते. पण टी हे पाळीचं औषध म्हणून घेऊ नये. आवाज एकदा उतरला की वर चढत नाही, इंजेक्शन सोडलं तरी. तू थांबतोयस ते बरोबर करतोयस.

आणि थांबलेली पाळी परत येऊ शकते. लॉकडाउनमध्ये माझं इंजेक्शन लांबलं आणि एके सकाळी अंथरुणावर डाग. दाढी आलेली, छातीची शस्त्रक्रिया झालेली, आणि हे. डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितली. सेंटरवर बाहेर पाच-सहा गरोदर बायका आणि त्यांचे नवरे बसलेले. काउंटरवरच्या मुलीने आधार कार्डावरचं जुनं नाव 'कुमारी' लावून मोठ्याने पुकारलं. मी उठलो. सगळी बाकं माझ्याकडे बघतायत. एक काका म्हणाले, 'अहो, पेशंटला पाठवा, तुम्ही कुठे?' मी म्हटलं, 'पेशंट गाडी लावतोय', आणि आत शिरलो.

आतल्या मॅडम चांगल्या निघाल्या. खालून तपासणी नको म्हटलं तर म्हणाल्या, पाणी पिऊन या, लघवी तुंबवून ठेवा, पोटावरून करू. असं मागता येतं हे कुणी सांगत नाही, म्हणून लिहितोय.

---

खवचट खारूताई

'पेशंट गाडी लावतोय' ला दंडवत. हसून हसून पुरेवाट आणि डोळ्यात पाणी, दोन्ही एकदम.

---

केमिस्टदादा

माझं दुकान पिंपरी-चिंचवडमध्ये. ही गोळी लोक चिठ्ठीशिवाय मागतात आणि बहुतेक दुकानांत मिळतेही. कायद्याने चिठ्ठी लागते. गणपतीच्या आधी आठवडाभर डोकेदुखीच्या गोळीपेक्षा हिचा खप जास्त, ही आमच्या धंद्यातली उघड गोष्ट.

एक नेहमीचं गिऱ्हाईक आहे, दाढीवाला, दर महिन्याला तीन पट्ट्या नेतो. मी आपला प्रत्येक वेळी, 'वहिनींना सांगा जेवणानंतर घ्यायला'. तोही 'हो सांगतो' म्हणायचा. हा धागा वाचून ट्यूब पेटली. आता काहीच बोलणार नाही, गोळ्या देईन फक्त.

डोंगरवाट, चिठ्ठीवर डॉक्टरांकडून तीन महिन्यांचं लिहून घ्या, म्हणजे दर वेळी प्रश्नोत्तरं नकोत. टी मात्र जिममधल्या ओळखीतून घेऊ नका. आमच्याकडे येतात तशी पोरं विचारायला. बनावट माल फार आहे त्यात.

---

मुक्तछंद

मी म्हणेन डॉक्टरला ट्रान्स असल्याचं सांगायचीच गरज नाही. 'पाळीत फार रक्त जातं, रात्रपाळी आहे, जमत नाही' एवढं पुरेसं. खोटंही नाही. खरं सांगितलं की निम्मे डॉक्टर गोळी सोडून मनावर घसरतात. मला एकाने 'लग्न झालं की बदलेल' असं चिठ्ठीच्या मागे लिहून दिलं होतं, औषधाच्या नावाच्या जागी. चिठ्ठी जपून ठेवलीय.

---

डॉ. मृद्गंध

मुक्तछंद, त्या चिठ्ठीबद्दल आमच्या जमातीतर्फे मान खाली घालते. तरी पूर्ण सहमत नाही. मला जर वाटलं की समोर 'मुलगी' आहे आणि जास्त रक्तस्राव एवढीच तक्रार आहे, तर मी माला-डीसारखी इस्ट्रोजेन असलेली गोळी लिहून देऊ शकते, आणि त्यात माझं काही चुकलं असंही नाही. पुढे टी सुरू करायचा बेत मला माहीत असेल तर मी वेगळा विचार करीन. स्तन दुखणं-भरणं नको असेल तेही कळेल.

---

निळाशार

मधला मार्ग आहे की. आधी फोनवर विचारायचं: 'मॅडम ट्रान्स पेशंट बघतात का?' रिसेप्शनिस्ट गोंधळली तर पुढचा नंबर. पुण्यात ट्रान्स लोकांसाठीच मित्र क्लिनिक होतं, पण हैदराबाद, कल्याण आणि पुणे ही तिन्ही अमेरिकेचा निधी थांबला तशी २०२५ च्या सुरुवातीला बंद पडली. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून आहे, तिथे फोन केला तर धड डॉक्टरांची नावं मिळतात. गोळीसाठी मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र लागत नाही, ते टीच्या वेळी मागतात. कोणी गोळीसाठी मागितलं तर उठून यायचं.

---

वसुधा१९५८

बाळा डोंगरवाट, माझं वय आयडीतच आहे. मला तुमच्या त्या संज्ञा सगळ्या कळत नाहीत, पण पाळी नको वाटणं चांगलं कळतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी मला इतकं जायचं की शाळेत शिकवताना खुर्चीवरून उठायची धास्ती. घरचे म्हणाले पिशवी काढ. आमच्या डॉक्टरबाईंनी मिरेना बसवली. लोक तिलाही तांबीच म्हणतात, पण तांब्याच्या तांबीने उलट जास्त जातं. ही हार्मोनची. पहिले चार-सहा महिने ठिबकत राहिलं, मग कमी कमी होत वर्षाच्या आतच थांबलं ते थांबलंच.

बसवताना दुखतं हे कोणी सांगत नाही. मला दोन बाळंतपणं झालेली, तरी कळ मस्तकात गेली. तुला तर तिथे कोणी हात लावलेलाही आवडणार नाही.

---

डॉ. मृद्गंध

वसुधाताई, अगदी नेमकं. थोडी भर घालते. ती सगळ्यांची पाळी पूर्ण थांबवत नाही. पहिल्या वर्षाअखेर साधारण पाचातल्या एकाची पूर्ण थांबते, बाकी बहुतेकांना नुसता डाग उरतो, पुढे प्रमाण वाढत जातं. पाचेक वर्षं बघावं लागत नाही हा मोठा फायदा. भारतीय बनावटीची स्वस्तही मिळते. ट्रान्स पुरुषांमध्ये भूल देऊन बसवता येते. छातीची शस्त्रक्रिया ठरली असेल तर त्याच भुलेत बसवून घेतल्याची उदाहरणं आहेत. दोन डॉक्टरांनी एकमेकांशी बोलायची तयारी ठेवली म्हणजे झालं.

---

टेम्सकाठचा

लंडनहून. इथे जेंडर क्लिनिकच्या पहिल्या भेटीसाठी वर्षानुवर्षं रांग आहे, पण पाळी थांबवायला रांग नाही. साध्या जीपीने (फॅमिली डॉक्टरने) मला डेसोजेस्ट्रेल ७५ मायक्रोग्रॅम दिली, नुसतं प्रोजेस्टोजेन (प्रोजेस्टेरॉनसारखं औषध, इस्ट्रोजेन नाही), रोज एक. २०२१ पासून ती औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवायही मिळते, फार्मासिस्ट चार प्रश्न विचारतो. माझी सहा महिन्यांनीही पूर्ण थांबली नाही, डाग चालू राहिले, मग बदलून घेतली. कोणाला काय लागू पडेल याचा नेम नाही.

अवांतर: आई नाशिकहून दर रविवारी विचारते 'तब्येत कशी, वेळेवर येते ना?' मी म्हणतो 'वेळेवर येते'. लंडनच्या ट्रेनबद्दल विचारत असेल असं समजतो.

---

बारामतीचा बोका

ट्रेन तरी कुठे वेळेवर येते तिकडे.

---

शेगावची सई

मी आई आहे. माझा मुलगा पंधरा वर्षांचा. पाळी आली की तो दोन दिवस बाथरूमचं दार उघडत नाही, आंघोळ अंधारात करतो. त्याचा हातावर ब्लेड मारण्याचा प्रकार त्याच दिवसांतला, हे मला उशिरा कळलं. आमच्या डॉक्टरांनी दर महिन्याचं ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन सुचवलं होतं, ते मेंदूकडून येणारा इशाराच बंद करतं. पण एकेक इंजेक्शन हजारांत, पहिल्या इंजेक्शननंतर उलट एकदा जास्त रक्त जाऊ शकतं, आणि वाढीच्या वयात हाडांची काळजी. म्हणून आधी नॉरएथिस्टेरॉन आणि सोबत समुपदेशक असं ठरलं. पाळी थांबली. तो मुलगा झाला का, वगैरे प्रश्न मला नातेवाईक विचारतात. मी म्हणते, तो झोपायला लागला.

आबासाहेब, राग मानू नका, पण आमच्या घरात निसर्गाने काही सोय केली नव्हती.

---

आबासाहेब

सईताई, राग कसला. वाचतो आहे. डॉक्टरांनी समजावलं ते पटलं. पूर्ण पटायला माझ्या वयाला वेळ लागेल, पण पोराची काळजी घ्या.

---

हिरवी मिरची

सरकारी 'छाया' गोळी सुचवते, आठवड्याला घ्यायची, हार्मोन नाही, माझ्या पाळ्या तिने दोन-दोन महिने लांबायच्या.

---

डॉ. मृद्गंध

छायाने पाळी लांबते, थांबत नाही. पुढची कधी येईल हे सांगता येत नाही, म्हणजे रात्रपाळीवाल्यासाठी सगळ्यात वाईट. नको.

---

डोंगरवाट

रात्रपाळी होती, एवढे प्रतिसाद बघून बसलोच. सगळ्यांना एकेकटं उत्तर देत नाही, राग नसावा.

डॉक्टर मॅडम, डोळ्यांसमोर चमकण्याचं तुम्ही लिहिलंत. मला अर्धशिशी आहे. आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकती रेघ येते, वीसेक मिनिटं एका बाजूचं दिसत नाही, मग डोकं ठणकतं. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा. याचा पाळीच्या गोळीशी संबंध असेल हे स्वप्नातही आलं नव्हतं. मागे खोलीवरचा एक जण बायकोची माला-डी आणून देतो म्हणाला होता. (त्याला माझं माहीत आहे. एकालाच.)

अंतराचंही खरं सांगतो. मागे गावच्या उपकेंद्रात सहज विचारलं होतं. पहिला प्रश्न, नवऱ्याचं नाव. दुसरा, मुलं किती. निघून आलो.

---

डॉ. मृद्गंध

बरं झालं सांगितलंत. तुम्ही वर्णन केलीत ती ऑरासह अर्धशिशी. माला-डी, माला-एन आणि इस्ट्रोजेन असलेली कुठलीही गोळी तुम्हाला नको. अशा अर्धशिशीत इस्ट्रोजेनने पक्षाघाताचा धोका वाढतो. सिगारेट असेल तर आणखी. पाकिटातल्या शेवटच्या सात लोहाच्या गोळ्या गाळून सलग पाकिटं घेतली की पाळी थांबते, हा उपाय बऱ्याच जणांना लागू पडतो, पण तुम्हाला नाही. मित्राला धन्यवाद सांगा आणि गोळ्या वहिनींकडेच राहू द्या.

नॉरएथिस्टेरॉन की डायनोजेस्ट की डेसोजेस्ट्रेल, हे तपासणाऱ्या डॉक्टरांना ठरवू द्या, अर्धशिशीचं वर्णन अगदी असंच सांगून. गोळी चालू केल्यावर डोकेदुखी वाढली, बोलताना जीभ अडखळली, हात-पाय बधिर झाला, एका पोटरीला सूज येऊन दुखू लागली किंवा अचानक धाप लागली तर धाग्यावर विचारत बसू नका, दवाखाना गाठा.

आणखी एक, सगळ्यांसाठी. पाळी नाही म्हणजे दिवस राहणारच नाहीत असं नव्हे. नॉरएथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅमवर त्यासाठी भिस्त ठेवू नका. टीवर पाळी बंद असताना गर्भ राहिल्याची उदाहरणं आहेत, आणि टी गर्भाला घातक आहे. ज्यांचा संबंध येतो त्यांनी वेगळी काळजी घ्यावी.

---

निळाशार

गोळी लागू पडेपर्यंत पॅडऐवजी कप वापरून बघ. बारा तासांपर्यंत चालतो, म्हणजे शिफ्टमध्ये काढायचं काम नाही आणि पुड्याचा प्रश्नच मिटतो. आत घालायचं म्हणून अंगावर काटा येत असेल तर सोड, मलाही जमला नव्हता. रक्त शोषून घेणाऱ्या बॉक्सर मिळतात, त्या जमल्या. दुखत असेल तर मेफेनॅमिक ॲसिड, जास्त जात असेल तर ट्रानेक्झॅमिक, पण ट्रानेक्झॅमिक तुझ्या अर्धशिशीत चालेल का ते डॉक्टरला विचारूनच.

---

काडीपेटी

माझ्या पहिल्या प्रतिसादावर एवढी माहिती निघाली म्हणजे काडी टाकणंही समाजकार्यच.

---

खवचट खारूताई

काडीपेटी, वसुधाताईंचा आयडी बघा, त्यांचा प्रतिसाद पुन्हा वाचा, आणि मग बोला.

---

डोंगरवाट

अपडेट द्यायला उशीर झाला.

फोनवर विचारून दोन ठिकाणी नकार ऐकला, तिसरीकडे 'हो, बघतात मॅडम' म्हणाल्या. भोसरीतलं लहानसं क्लिनिक. नाव विचारून घेतलं आणि तेच पुकारलं. मुक्तछंद, तुमचा सल्ला मानायचा असं ठरवून गेलो होतो, पण मॅडमनी खुर्ची पुढे ओढून 'बोल, काय करायचंय?' असं विचारल्यावर सगळंच बोलून गेलो. अर्धशिशीचं ऐकून त्यांनी बराच वेळ तेच विचारलं, रक्तदाब दोनदा घेतला. डायनोजेस्ट दिली. हिमोग्लोबिन नऊच्या आसपास निघालं, म्हणून लोहाच्या गोळ्या वेगळ्या. सोनोग्राफी पोटावरूनच झाली.

पहिल्या महिन्यात डाग लागत राहिले, वैताग आला. गोळी सोडणार होतो, पण इथलं आठवून सोडली नाही. आता काही नाही. डब्याची पिशवी खाली ठेवतो.

गौरींना घरी गेलो होतो. आईने नेहमीप्रमाणे बाजूला घेऊन विचारलं, तारीख कधीची? म्हटलं, या खेपेला काळजी नको, मी घेतलीय गोळी. 'शहाणा माझा' म्हणाली.

---

शेगावची सई

'शहाणा' म्हणाली?

---

डोंगरवाट

लाडाने लहानपणापासून तसंच म्हणते. फार अर्थ काढू नका.

---

बारामतीचा बोका

आम्ही काढणार.

---

पाऊलवाट_नवी

धागा आज सापडला. माझं वय एकोणीस, लातूर. अर्धशिशी वगैरे नाही, टीबीची औषधं मात्र चालू आहेत, अजून चार महिने. मग ही गोळी लागूच पडणार नाही का?

---

डॉ. मृद्गंध

रिफाम्पिसिन चालू असेपर्यंत आणि त्यानंतर साधारण महिनाभर गोळ्यांचा भरवसा नाही. तीन महिन्यांच्या इंजेक्शनवर किंवा हार्मोनच्या तांबीवर त्याचा तसा परिणाम होत नाही. टीबीच्या डॉक्टरांना सांगून स्त्रीरोगतज्ज्ञाला भेटा. टीबीची गोळी एकही चुकवू नका, पाळीचं नंतर बघता येईल. वजन आणि हिमोग्लोबिन किती आहे ते व्यनित (व्यक्तिगत निरोपात) कळवा.